पंधरा मिनिटांत न बसलेली जाऊ

बटणाने सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती तिची आजीच. बटण म्हणजे नात. दीड वर्षाची असताना तिने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं आणि तीन दिवस अख्खी लॉन्ड्री कामधंदा सोडून त्या बटणाची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी ते आलं, धुतलं, कोटाला परत शिवलं. नाव मात्र पोरीला चिकटलं ते चिकटलंच.

"लॉन्ड्रीवर सिनेमा? कोण बघणार गं? माणसं आपले मळके कपडे आमच्या अंगावर टाकून पळतात, ते पुन्हा पडद्यावर बघायला येतील होय?"

"आजी, लॉन्ड्रीवर नाही, तुझ्यावर आहे. कॉलेजचा शेवटचा प्रोजेक्ट. झाला की फेस्टिव्हलांना पाठवणार."

"माझ्यावर?" आजीचा हात आपसूक केसांकडे गेला. "मग आधी सांगायचंस ना. हा झगा आहे का सिनेमात घालायचा?"

आजीला लॉन्ड्रीत सगळे मोठीबाई म्हणत. इस्त्रीवाले म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, दवाखान्यातून चादरींचे गठ्ठे घेऊन येणारा ड्रायव्हरही म्हणे. पुढे काउंटर, मागे चार मशिनं, त्यामागे इस्त्रीची टेबलं आणि सगळ्यावर वाफेचा ढग, असा तिचा कारभार. तिथे तिच्या परवानगीशिवाय उशीचा अभ्रासुद्धा वाळायचा नाही. दारावरच्या पाटीवर एकच नाव होतं, आणि ते तिचं होतं.

बटण आठ दिवस तिपाईवर कॅमेरा लावून बसली. आजीचे हात काढले, पाय काढले, बादलीत पडणारं पाणी काढलं. "पाणी काय काढतेस, माणसं काढ की," असं आजी दहादा म्हणाली. नवव्या दिवशी बटणाने सगळी मशिनं बंद करायला लावली, आजीला चादरींच्या ढिगासमोर स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "आजी, ही लॉन्ड्री सुरू कशी झाली?"

मशिनं बंद झाल्यावर लॉन्ड्रीत जी शांतता पडली, ती मोठीबाईच्या ओळखीची नव्हती. समोर कॅमेऱ्याची काळी काच. ती काच मान हलवत नव्हती, तोंड वाकडं करत नव्हती, मध्येच "हो, पण" म्हणत नव्हती. माणसासमोर जे तीस वर्षं ओठांवर आलं नव्हतं, ते त्या काचेसमोर आलं.

"ही लॉन्ड्री मी एकटीने उभी केली," मोठीबाई म्हणाली. मग थांबली. ओठ पुसले. "असं मी तीस वर्षं सांगत आलेय. खोटं आहे ते."

आणि तिने सगळं सांगितलं. घरात दोघी जावा होत्या, ही मोठी आणि ती धाकटी. दोघींचे नवरे बिनकामाचे, एक लवकर गेला आणि एक निघून गेला. मोठीला सही करण्यापुरती अक्षरं येत, धाकटी सातवी शिकलेली. दवाखान्याच्या चादरी धुवायला मिळाव्यात म्हणून अर्ज धाकटीने लिहिला, तीनदा फाडून चौथ्यांदा. मागच्या अंगणात दोघींनी मिळून चादरी पिळल्या, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. कुणाचा कपडा कुणाकडे जाऊ नये म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके घालायची युक्तीही धाकटीची. कोणता टाका कोणाचा हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. त्या टाक्यांमुळेच नाव झालं, की इथे रुमालसुद्धा हरवत नाही.

मग दुकान घेतलं आणि पाटी रंगवायला रंगारी आला. रंगारी म्हणाला, बाई, दोन नावं बसत नाहीत, पाटी लहान आहे. मोठी म्हणाली, मग एकच लिही.

"ती गठ्ठा घेऊन आली आणि वर बघत उभी राहिली," मोठीबाई कॅमेऱ्याला म्हणाली. "मी म्हटलं, पाटी लहान होती गं. ती म्हणाली, मोठी करता आली असती. एवढंच. नऊ दिवसांनी आपलं शिवणाचं मशिन उचलून गेली. धाकटे, तुझं काही चुकलं नव्हतं. पाटी मोठी करता आली असती. तू हे बघ."

कॅमेऱ्यामागे बटण नाक ओढत होती. "आजी, हाच माझा सिनेमा," ती म्हणाली.

"तिला दिसेल ना हे?"

"सगळ्या जगाला दिसेल."

"जगाला काय करायचंय! तिला दिसलं पाहिजे. शब्द दे."

"दिला," बटण म्हणाली आणि आजीच्या गळ्यात पडली.

त्यानंतर वर्षभर बटण फॉर्म भरत होती. सिनेमा करण्यापेक्षा तो पाठवणं जास्त अवघड आहे, हे घराला तेव्हा कळलं. कुणाला सिनेमाचा सारांश पंचवीस शब्दांत हवा, कुणाला दिग्दर्शकाचं मनोगत दोनशे शब्दांत. "पंचवीस शब्दांत मी गिऱ्हाइकाला डाग निघणार नाही एवढंही सांगू शकत नाही," आजी म्हणायची. सात ठिकाणांहून नकार आले. सगळ्या पत्रांत आधी आभार, मग कौतुक, मग पुन्हा आभार आणि तळाशी बारीकसा नकार. बटण ती वाचून दाखवायची.

"नाहीच म्हणायचंय तर एवढा साबण कशाला लावतात मेले?" आजी म्हणायची. पण बटण मान खाली घालून जेवायला लागली की तिचाही घास फिरायचा. नातीसाठी फिरायचा आणि आपल्यासाठीही. सिनेमा कुठे लागलाच नाही, तर धाकटीला बोलावणार कुठे? घरी बोलावून सांगायची छाती तिला नव्हती. असती तर तीस वर्षं गेली नसती.

मग एक दिवस बटण काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "आजी, एक फेस्टिव्हल आहे. विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग आहे त्यात. आणि ज्याचा सिनेमा आवडेल त्याला मोठा सिनेमा करायला अनुदान. पण पंधरा मिनिटांची अट आहे. आपला एकोणीसचा आहे. थोडं छाटावं लागेल."

"मग छाट की. लांबण लावलेलं कुणाला आवडतं?"

"छाटू ना नक्की?"

"एकदा सांगितलं ना. किती वेळा विचारशील?"

बटणाने एक कागद पुढे केला. यात तुझी संमती आहे, ती म्हणाली आणि भराभर वाचत गेली. संकलनाचा अधिकार दिग्दर्शकाकडे राहील वगैरे. मोठीबाईने सही केली. सही तिची झोकदार होती. तेवढीच अक्षरं न अडखळता लिहिता येत असल्याने तिने ती चांगली घोटून ठेवली होती.

दीड महिन्याने निवड झाल्याचं पत्र आलं. त्यात नुसतेच आभार नव्हते, तारीख आणि वेळही होती. मोठीबाईने सगळ्या मशिनवाल्यांना अर्धा दिवस सुट्टी दिली आणि स्वतः धाकटीकडे निघाली.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. विजारी आखूड करणं, अस्तर बदलणं, चेन बसवणं असली कामं करायची. दार उघडंच होतं. दोऱ्याची रिळं खिडकीत रंगाप्रमाणे ओळीने मांडलेली, आणि मशिनवर वाकलेली ती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"जाऊबाई? वाट चुकलात?"

"चुकले असते तर तीन मजले चढले नसते. पाणी दे आधी."

धाकटीने पाणी दिलं. बस म्हणाली नाही. मोठीबाई कपड्यांच्या ढिगाशेजारी आपली आपणच बसली.

"बटणाने सिनेमा केलाय. लॉन्ड्रीवर. मोठ्या पडद्यावर लागणार आहे. तू यायचंस."

"तुमचं कौतुक बघायला?"

"माझं कौतुक नाहीये त्यात."

"तुमच्यावरच्या सिनेमात तुमचं कौतुक नाही?" धाकटी चष्म्यावरून बघत म्हणाली. "मग तो दुसऱ्या कुणाच्या आजीवर असेल."

"टोमणे मार. मी ऐकून घेईन. पण ये. तुझ्यासाठीच आहे त्यात एक गोष्ट. इथे बोलायला मला जमायचं नाही."

धाकटीने बराच वेळ दोरा सुईत ओवला. तो एकदाही चुकला नव्हता, तरी तिने दोनदा काढून पुन्हा ओवला. "किती वाजता आहे?" तिने विचारलं.

सकाळी अकराचा खेळ होता. हॉलमध्ये खुर्च्या मऊ आणि गारठा असा की लॉन्ड्रीतल्या माणसाला पडसंच व्हावं. मोठीबाईने धाकटीला शेजारी बसवलं. तिचा झगा जुना होता, पण इस्त्री अशी कडक की मोठीबाईने मनात म्हटलं, हात अजून गेलेला नाही हिचा. दारात एक माणूस सिनेमांची माहिती असलेलं पत्रक वाटत होता. मोठीबाई एकेक अक्षर लावत बसली. "ए-क-हा-ती" इथपर्यंत पोचली. हॉलवाल्यांनी काहीतरी खरडलं असेल, तिला वाटलं. धाकटीचं वाचून केव्हाच झालं होतं. तिने पत्रकाची आधी दोन, मग चार घड्या केल्या, अभ्र्याच्या करतात तशा, आणि ते पर्समध्ये टाकलं.

दिवे गेले. पाणी बादलीत पडलं. पडलं, पडलं, पडतच राहिलं. मग वाफ, चादरी, मोठीबाईचे हात. मोठीबाईला आपले हात इतके मोठे कधी दिसले नव्हते. मग ती स्टुलावर बसलेली, मागे चादरींचा ढीग.  मोठीबाईने शेजारी बघितलं. धाकटी पुढे सरकून बसली होती.

"ही लॉन्ड्री मी एकटीने उभी केली," पडद्यावरची मोठीबाई म्हणाली. आणि थांबली. ओठ पुसले.

आणि बासरी वाजायला लागली.

मोठीबाई पाठमोरी वाफेत चालत गेली, वाफ पांढरी होत गेली, त्या पांढऱ्यावर काळी अक्षरं वर सरकायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठीबाईला वाटलं मशिन अडकलं. तिला वाटलं, आत्ता पुन्हा सुरू होईल. पुढचं राहिलंय. कुणीतरी सांगा त्यांना, पुढचं राहिलंय.

दिवे लागले. धाकटी उठली होती. तिने झगा झटकला, खाली वाकून अगदी हळू विचारलं, "पडदा पण लहान होता का, जाऊबाई?"

आणि रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत ती निघून गेली.

मोठीबाई तिच्या मागे जाणार तेवढ्यात निवेदकाने माइक तिच्या तोंडाशी धरला. "आपल्यामध्ये आहेत स्वतः आजी! आजी, एकटीने एवढं सगळं करताना मनात काय होतं?"

"मी एकटी नव्हते," मोठीबाई ओरडली. माइकची तिला सवय नव्हती, आवाज भिंतींवर आपटला. "माझ्या जावेने केलं सगळं. अर्ज तिने लिहिला. टाके तिचे. मी नुसती पाटी लावली. ती आत्ता गेली बघा त्या दाराने. थांबवा तिला."

 निवेदकाने छातीवर हात ठेवला. "बघितलात विनय? एवढं यश मिळवून श्रेय मात्र दुसऱ्याला!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक बाई तर डोळे पुसत होती. मोठीबाईने आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत खरं सांगितलं होतं, आणि त्या टाळ्यांत ते कुठल्या कुठे वाहून गेलं.

बाहेर व्हरांड्यात बटण पळतच आली. "आजी! अनुदान मिळालं! मोठा सिनेमा करायचा आपण!"

"बाकीचं कुठे आहे?"

"बाकीचं काय?"

"माझं वाक्य. अर्धं कुठे टाकलंस?"

बटणाचा चेहरा पडला, पण फार नाही. ती या प्रश्नाची तयारी करून आलेली असावी. "आजी, बसत नव्हतं गं. पंधराच्या वर एक सेकंद गेला तरी फॉर्म पुढेच जात नाही. तूच म्हणालीस ना, छाट."

"मग ते पाणी छाटायचं! दोन मिनिटं बादली भरत होती तिथे!"

"ते पाणी निवड समितीला फार आवडतं."

"आणि माझी जाऊ नाही आवडत त्यांना?"

बटणाने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "हे बघ, खरं सांगते. अनुदानाचा विषयच होता एकट्या बायका. एकटीने उभ्या राहिलेल्या. दोघींची गोष्ट त्यात बसतच नव्हती. सात नकार आले होते आजी, सात. आणि मी खोटं काहीच घातलं नाही. तुझेच शब्द आहेत. फक्त निम्मे ठेवले."

मोठीबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. पोरीचं नाक, डोळे, सगळं आजीवरच गेलं होतं, लोक नेहमी म्हणत. पाटी लागली त्या दिवशी आपण धाकटीला काय म्हणालो होतो, तेही तिला शब्दन् शब्द आठवलं. पाटी लहान होती गं. आणि खोटं कुठे लिहिलंय, लॉन्ड्री माझी आहेच की. हे दुसरं तिने कॅमेऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"शब्द दिला होतास मला," ती एवढंच म्हणाली.

"मोठ्या सिनेमात घालेन ना. शप्पथ."

"मोठा सिनेमा घाल चुलीत. ते पूर्ण आहे का कुठे, की फेकलंस?"

"आहे. लॅपटॉपमध्ये आहे."

"उद्या घेऊन चल माझ्याबरोबर. धाकटीला दाखवायचं."

"चल ना," बटण लगेच म्हणाली. ती इतक्या पटकन तयार झाली याचं मोठीबाईला तेव्हा बरंच वाटलं. मनात म्हणाली, लाज आहे म्हणायची पोरीला थोडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी तीन मजले चढल्या. धाकटी दारातच उभी राहिली. मग बटणाकडे बघून बाजूला झाली. पोराबाळांना दारातून परत पाठवायची तिची रीत नव्हती. बटणाने आत शिरून पिशवी ठेवली, खिडकीपाशी काहीतरी चाळवाचाळव केली, लॅपटॉप काढला.

"धाकटी आजी, हे पूर्ण आहे. काल दाखवलं ते छाटलेलं होतं."

"ते मीट आधी," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, तुम्ही समोर बसला आहात. तुमचं तोंड मला इथे दिसतंय. मग मशिन कशाला मध्ये? काय ते तोंडाने बोला."

 दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरला, पोलिसाला, सगळ्यांना मोठीबाईने आजवर उभं आडवं घेतलं होतं. चष्म्याआडच्या या दोन डोळ्यांपुढे तिला शब्द सापडेना.

"ही लॉन्ड्री मी एकटीने..." तिने सुरुवात केली आणि अडखळली.

"इथपर्यंत काल ऐकलं," धाकटी म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. तिने स्टूल ओढलं आणि ती बसली. तिच्या गुडघ्याला हिचा गुडघा लागण्याइतकी जवळ. "पुढे बोला."

"खोटं होतं ते," मोठीबाई म्हणाली. "खोटं होतं गं. अर्ज तू लिहिलास, चार वेळा. ती शाई सांडली होती तुझ्या..."

"हिरव्या झग्यावर."

"हिरव्या झग्यावर. तो डाग मी काढून देते म्हणाले होते. काढला नाही. धाकटे, त्या पाटीचं..."

धाकटीचे डोळे एकदम हलले. मोठीबाईच्या खांद्यावरून मागे, खिडकीकडे गेले. तिथे रिळं होती, रंगाप्रमाणे ओळीने मांडलेली. जांभळं रीळ जागेवरून सरकलेलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. त्या रिळाला टेकून बटणाचा फोन उभा होता, काच दोघींकडे, कोपऱ्यात लाल ठिपका.

 धाकटीने गुडघा मागे घेतला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे किती मिनिटांत बसवायचंय?"

"मला माहीत नव्हतं. धाकटे, देवाशपथ मला..."

"उठा."

"अगं ऐक तर..."

"उठा म्हणते ना. एकदा लोकांसमोर बसवून केलंत, आता माझ्या घरात येऊन करताय. मीच वेडी. अजून दोन मिनिटं गेली असती तर रडले असते तुमच्यापुढे."

तिने फोन उचलून बटणाच्या हातात दिला, रीळ जागेवर सरकवलं, दोघींना बाहेर काढलं आणि दार लावलं. आपटलं नाही. नीट कडी घालून लावलं.

जिन्यात बटण भिंतीला चिकटून उभी होती. "आजी, मला वाटलं तुमचा समेट होईल आणि तो क्षण... पुन्हा थोडाच येतो असा क्षण? तूच म्हणत होतीस, हे राहिलं, ते राहिलं. आता सगळं आलंय बघ. यातलं मी एक अक्षर कापणार नाही."

"दार लावलं तेही आलं?"

"फोन माझ्या हातातच होता," बटण पुटपुटली. "आवाज आलाय."

"मग तेवढंच ठेव," मोठीबाई म्हणाली. "बाकीचं सगळं काप. आणि खाली जा."

"आजी..."

"खाली जा म्हटलं. आणि तो फोन घेऊन जा."

बटणाची पावलं तीन मजले उतरेपर्यंत मोठीबाई कठडा धरून उभी राहिली. खालचं दार वाजलं. मग ती दारासमोरच्या पायरीवर बसली, गुडघे चोळले आणि बंद दाराला म्हणाली, "धाकटे, त्या पाटीचं राहिलंय सांगायचं."

आतून शिवणाचं मशिन सुरू झालं. जोरात, एका दमात, मुद्दाम.

मोठीबाई बोलत राहिली. रंगाऱ्याचं बोलली, हिरव्या झग्याचं बोलली, कॅमेऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं तेसुद्धा बोलली. मशिन थांबलं नाही. एका शब्दाला दहा टाके पडत होते. शेवटी घसा बसला तेव्हा ती गप्प झाली आणि दाराला कान देऊन राहिली. बॉबिनवरचा दोरा कधी ना कधी संपतोच, आणि तो भरायला मशिन थांबवावंच लागतं, एवढं शिवणकाम तिलाही कळत होतं.